दरवर्षीची सुई

आचल डबा घेऊन नर्सेसच्या खोलीत शिरली, तर जेवणाच्या टेबलावर रक्ताच्या नळ्या मांडून एक उंच माणूस बसलेला.

"ओ डॉक्टर! इथं आमी भाकर खातो. हे रक्त उचला आधी."

तो गडबडून उभाच राहिला. केयूर त्याचं नाव, अकोल्याचा. दरवर्षी फ्लूची लस घेणाऱ्या नर्सेसची प्रतिकारशक्ती कशी वाढते, हे तपासायला तो अमरावतीच्या या दवाखान्यात आला होता. लशीआधी एकदा रक्त घ्यायचं, महिन्यानं पुन्हा.

"तुम्ही किती वर्षं घेताय?"

"नोकरी लागली तवापासून. एकबी साल चुकवलं नाही," मान ताठ करून ती म्हणाली... आणि बाही वर सारली.

महिन्यानं तो पुन्हा आला. मग निकाल सांगायला आला.

"पहिल्यांदाच लस घेणाऱ्यांच्या अँटीबॉडी भराभर वाढल्या. तुमच्या... थोड्याच."

"म्हंजे माझं रक्त आळशी?"

"नाही हो! तुमच्याकडे आधीच्या शिल्लक होत्या. बचाव मिळतोच, फक्त नवख्यांसारखी उसळी नाही. ओळखीच्या पाहुण्यासाठी कोण धावपळ करतं?"

"बरोबर हाये. नेहमी येणाऱ्याले आमी नुसतं पाणी देतो."

"मीही आता नेहमी येणार आहे—"

"म्हणूनच चहा नाही भेटला अजून," ती म्हणाली आणि हसू लपवायला पाठमोरी झाली. त्यानंतर केयूर काही कारण नसतानाही येऊ लागला.

दिवाळीनंतर त्यानं तिला अकोल्याला घरी नेलं. त्याच्या आईनं, कुंदाताईंनी, मायेनं पोहे पुढे केले.

"मुलगी आवडली मला. फक्त तो छातीच्या रोग्यांचा वॉर्ड सोड, बाई. केयूर सांगत होता, लस घेऊनही तुझ्या अंगात फारसं काही होत नाही म्हणून."

आचलचा घास हातातच राहिला. केयूरनं नजर चुकवली.

"मला काळजी वाटली, आचल..."

"काळजी होती तं मले सांगाची. माझं रक्त अभ्यासाले दिलं होतं, घरी चर्चा कराले नाही." मग ती कुंदाताईंच्या पाया पडली. "काकू, रोग्याजवळ जा लागते म्हणून तं लस घेतो आमी. लस कमी पडते म्हणून रोगी नाही सोडत."

परतीच्या बसमध्ये ती बडनेऱ्यापर्यंत रडली. तिथून पुढे डोळे पुसून थेट ड्युटीवर. त्याचे फोन तिनं उचललेच नाहीत.

नव्या सालची लस आली, तेव्हा वॉर्डात कुजबुज होती. "आचलले काही होत नाही, मंग आपण काहून टोचून घ्याची?" इतरांना लस टोचायला बसलेल्या मोठ्या सिस्टर दुर्गाबाईसुद्धा म्हणाल्या, "मी तं नाही घेत व."

आचल खुर्चीत जाऊन बसली. "कमी वाढते, पण वाढते ना? घ्या, टोचा."

आधी रक्त द्यायचं होतं. ते घ्यायला मात्र दीक्षा नावाची नवी मुलगी आलेली. केयूर दाराशी, रिकाम्या हातानं उभा.

"तुमी काहून नाही घेत रक्त?" दीक्षाला रक्त देता देता, न राहवून आचलनं त्याला विचारलं.

"नियम आहे. तपासणाऱ्याच्या घरचं माणूस अभ्यासात चालत नाही. दोघांपैकी एकानं बाहेर पडायचं... मी पडलो."

"मी कुठं तुमच्या घरची?"

"नाहीस. आणि तुझ्या रक्ताची गोष्ट घरी सांगायचा हक्कही नव्हता मला. चुकलो. आईला सांगून आलोय— तू वॉर्डातच राहशील. माझ्याशी लग्न केलंस तरी, नाही केलंस तरी."

"बोल ना व पोरी," दुर्गाबाई करवादल्या, "का सुई धरून म्हातारी होऊ मी?"

"टोचा तुमी." सुई दंडात शिरली तरी आचलची नजर केयूरवरून हलली नाही. "आन् तुमी, डॉक्टर... विचाराचं असंल तं इथंच विचारा. सगळ्याईसमोर."

त्याचे कान लाल झाले. पण त्यानं विचारलं, मोठ्यानं. "आचल, लग्न करशील माझ्याशी?"

"करीन," तितक्याच मोठ्यानं ती म्हणाली.

खोलीत एकच गिल्ला झाला. आचल उठली, तशा दुर्गाबाई डोळे पुसत तिच्या खुर्चीत बसल्या, बाही वर करून. त्यांच्यामागे आणखी चौघीजणी सरसावल्या.

केयूर पुढे झाला, तसा आचलनं हात आडवा केला.

"थांबा जरा," नवी सुई काढत ती म्हणाली, "रांग लागली हाये."