मशीन थांबलं का?

मी शिंपी. चर्चचे झगे, वेदीवरची कापडं माझ्याकडेच शिवायला येतात. "शिंप्याचा उद्या कधी उजाडतो रे?" असं फादर चिडवतात, पण काम दुसरीकडे देत नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी काचेच्या झाकणाची एक डबी आणून दिली. आतली मखमल कुजली होती, ती बदलायची होती.

मखमलीवर बोटभर लांबीचा करडा तुकडा होता, सिस्टरच्या झग्याचा. साथीच्या दिवसांत सगळे पळाले, तेव्हा ही बाई आजाऱ्यांच्या पायथ्याशी बसून राहिली आणि त्यातच गेली. साठ वर्षं झाली, तरी घरात कुणी अंथरुणाला खिळलं की लोक ती डबी मागून नेतात.

तुकडा मी टेबलावर काढून ठेवला. संध्याकाळी सवयीने चिंध्या गोळा केल्या आणि शेगडीत टाकल्या. मखमल बसवून झाली आणि पाहतो तर टेबलावर काहीच नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. आईची करडी शाल आतल्या खोलीत ट्रंकेत होती. तिचा कोपरा कापला, मखमलीवर बसवला आणि डबी परत केली.

आई माझ्याआधी याच मशीनवर शिवायची. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं लोखंडी अंगुस्तान दिवसाचं काम संपल्याशिवाय काढायची नाही. शेवटच्या दुपारी तिने आतून मला तीनदा हाक मारली. मी एका झग्याची किनार मारत होतो. एवढी शिवण संपली की उठतो, म्हटलं. उठलो तेव्हा ती गेली होती. अंगुस्तान बोटात ठेवूनच आम्ही तिला पुरलं.

डबी घरोघर फिरत राहिली. सोबत फादर सिस्टरची गोष्ट सांगत. ती ऐकून आमचा खाटीक, जो सख्ख्या भावाचं तोंड पाहत नव्हता, दुकान बंद ठेवून महिनाभर त्याच्या आजारपणात पायथ्याशी बसला. "तिला परक्यांसाठी जमलं, मला भावासाठी जमू नये?" म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना. परक्या बाईचं ऐकून हा बसला, आणि मी पोटचा पोर असून चार पावलं गेलो नव्हतो. वर त्याच्या हाती खोटी चिंधी दिली होती.

खाटकाचा भाऊ बरा होऊन शर्टाचं माप द्यायला आला.

"ताप चढला की कुणीतरी पाय चेपायचं. हात गार. एका बोटाला काहीतरी लोखंडी लागायचं."

चोराच्या मनात चांदणं. "तापात होतं असं," मी म्हटलं आणि माप दोनदा चुकलो.

मग शाळेतल्या बाई आल्या. त्यांच्या सासूबाईंच्या उशाशी डबी आठवडाभर होती.

"बऱ्या आहेत हो. पण डबी आल्यापासून एकच विचारतात."

"काय?"

"मशीन थांबलं का?"

बाईंच्या घरात मशीन नाही.

त्या गेल्यावर मी ठरवलं, फादरना सगळं सांगायचं. गिऱ्हाइकं जातील, खाटीक तोंडावर थुंकेल. थुंकू दे. पुरावा म्हणून शाल न्यायची होती. भर दुपार होती. मशीनला सकाळीच भरलेला जांभळा धागा होता.

ट्रंक उघडून शाल झटकली.

कापलेला कोपरा भरलेला होता.

बोटभर करडा तुकडा, वेगळ्या विणीचा. एक कड जळून काळी झालेली. टाके आईचे, शेवटी तिची दुहेरी गाठ.

धागा जांभळा.

आता कुणाला काही सांगायची गरज नव्हती. तुकडा उसवून डबीत ठेवला असता, तर विषय संपला असता. माझ्याने कात्री उचलवेना.

शाल मांडीवर घेऊन मी आईच्या रिकाम्या पलंगाच्या पायथ्याशी बसलो. पहिल्यांदाच.

"थांबलं गं, आई," मी म्हटलं.

पलंगाच्या उशाशी, लाकडी फळीवर, अंगुस्तान काढून ठेवल्याचा आवाज झाला.