चुकीच्या बोटीला लावलेलं कुलूप

"अकरा सेकंदांत मी स्वतःला कशालाही बांधून घेते. मग कुणाचा बाप आला तरी मला हलवू शकत नाही," खेकडी मावशीला म्हणाली.

खेकडी हे काही तिचं नाव नव्हे. एकदा धरलं की सोडत नाही, म्हणून सगळे तसं म्हणत. शार्क वाचवणाऱ्या तिच्या संघटनेत माणसं दोनच, ती आणि मावशी. चोरून शार्क मारणारी बोट आज बंदरातून हलू द्यायची नाही, असं दोघींनी ठरवलं होतं. धक्क्यावरची ती गंजकी बोट त्यांनी लांबूनच हेरली. डेकवर गळांचा ढीग, वासाने नाक झडतंय... शंकाच नको. खेकडीने सायकलचं जाडजूड कुलूप मानेभोवतून घेऊन कठड्यात अडकवलं आणि खटकन दाबलं. नऊ सेकंद. मावशी चावी घेऊन पसार झाली.

इंजिनघराचं झाकण उघडून एक डोकं वर आलं. नाकाला ग्रीस, दातांत पाना. हा बोटीचा मिस्त्री.

"ही बोट आज हलणार नाही," खेकडीने जाहीर केलं.

त्याने पाना तोंडातून काढला. "का?"

"तुम्ही शार्क मारता."

"बाई, आम्ही शार्क सोडवतो."

"आणि हे गळ?"

"समुद्रातून कापून आणलेत. बोट शिकाऱ्यांचीच होती, भंगारात घेतली. रंग मुद्दाम दिला नाही. त्यांना आपलीच वाटावी म्हणून."

शिकाऱ्यांना फसवायला ठेवलेल्या रंगाला खेकडी फसली होती. ती काही बोलणार, तोच मिस्त्रीचा चेहरा बदलला. "चावी द्या. लवकर. शिकाऱ्यांनी पहाटे बाहेर समुद्रात दोरी टाकलीय, तिला शेकडो गळ. या जातीच्या शार्कचं पोहणं थांबलं की श्वासही थांबतो. आणि ओहोटी लागलीय. दहा मिनिटांत निघालो नाही तर बंदराच्या तोंडाशी बोट टेकेल, मग संध्याकाळपर्यंत बसा."

"चावी मावशीकडे आहे."

"मावशी कुठे आहेत?"

"कुलूप लागलं की मावशीने येईल ती पहिली बस पकडायची, फोन बंद करायचा, आणि कुठे चाललीय ते मलाही सांगायचं नाही. नियम आहे आमचा."

"हा नियम कुणी केला?"

"...मी."

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिला. रागाने बघत असावा, पण डोळ्यांच्या कडेला काहीतरी हसलं — आणि नेमकं तेच खेकडीला दिसलं.

"कापून टाका ना," ती म्हणाली.

"ग्राइंडर आहे. पण मानेजवळ घाईत नाही चालवणार मी. तुमच्या मानेजवळ तर नाहीच."

सुकाणूवरून कप्तानबाई ओरडल्या, "सुटत नसेल तर राहू दे तिला, मिस्त्री. सामानात धर."

आणि कुणाचा बाप आला तरी न हलणारी खेकडी बोटीसकट हलली.

मिस्त्रीने तिच्या अंगात लाइफ जॅकेट चढवलं. लोखंड मानेला घासत होतं, तर स्वतःचा शर्ट काढून घडी करून मध्ये सारला.

"डिझेलचा वास येतोय," ती म्हणाली.

"मग काय अत्तर लावून इंजिनात शिरू?"

तासाभराने दोरी सापडली. कप्तानबाईंनी बोट दोरीला समांतर धरली. मिस्त्री कठड्यावरून अर्धा बाहेर लोंबकळला, हातात कटर. "माझा पट्टा धर. सोडू नकोस." 'अहो' कधी 'अगं' झालं ते दोघांनाही कळलं नाही.

पहिला शार्क सुटला. दुसरा, तिसरा... आठवा शेपटीचा फटका मारून गेला आणि खेकडीच्या तोंडात बादलीभर समुद्र शिरला. नववी मादी होती, पोट टम्म फुगलेलं. गळ कापला तरी ती हलेना.

"मेली?" खेकडीने विचारलं.

"माहीत नाही. बाई, बोट हळू पुढे घ्या. तोंडातून पाणी जाऊ दे." मिस्त्रीने मादीला दोन्ही हातांनी बोटीच्या अंगाला धरलं.

"मिस्त्री, मागे बघ," कप्तानबाई म्हणाल्या. क्षितिजावर एक बोट मोठी होत होती. शिकारी परत येत होते. "सोड तिला. निघायचंय."

"दोन मिनिटं."

"त्यांच्याकडे भाले आहेत रे."

"दोन मिनिटं, बाई," या वेळी खेकडी म्हणाली. "मी कुठं पळून जाणारेय?"

पट्ट्याचं बक्कल तुटलं. खेकडीने दुसऱ्या हाताने त्याच्या पँटची शिवण पकडली. तीही उसवायला लागली. ती मनात आकडे मोजत होती. मागच्या बोटीवरची माणसं आता वेगवेगळी दिसत होती... एकशे दहा, एकशे अकरा... मादीचे कल्ले उघडले. मिटले. पुन्हा उघडले. मग एका झटक्यात ती त्याच्या हातातून निसटली आणि खाली, हिरव्या पाण्यात दिसेनाशी झाली. कप्तानबाईंनी असा वेग घेतला की इंजिन खोकलं.

मागची बोट दुपार उलटेपर्यंत हळूहळू ठिपका झाली. मिस्त्री एका हाताने पँट सावरत ग्राइंडर घेऊन आला, खेकडीच्या मानेभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. आता घाई नव्हती.

"थांब जरा," ती म्हणाली.

"दुखतंय?"

"नाही. सुटले की... घरी जावं लागेल ना."

त्याने ग्राइंडर खाली ठेवला. संध्याकाळची भरती चढली होती, समोर धक्का दिसायला लागला होता.

"बोटीवर एक माणूस कमी आहे," तो म्हणाला. "पट्टा धरायला."

"तेवढंच?"

"तू सांग."

"तू आवडतोस मला. बांधलेली आहे म्हणून बोलतेय असं समजू नकोस. सुटल्यावरही हेच म्हणेन."

"मी तर मोकळाच आहे," तो हळूच म्हणाला, "तरी सकाळपासून कुठं जाता आलं नाही मला."

ती हसली. तो वाकला.

कप्तानबाईंनी बोट धक्क्याला जरा जोरात लावली. खेकडीच्या कपाळाला तीन टाके पडले. मिस्त्रीचा समोरचा दात समुद्रात गेला.