मागची उजवी स्प्रिंग

सेवेरो युक्राचा देवावर विश्वास होता, पण टेपवर अंमळ जास्त होता. देव काय म्हणतो ते पाद्रीबाबांकडून ऐकावं लागतं. टेप स्वतः सांगतो. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी, बोलिव्हियाच्या पठारावरच्या उयुनीत नळाचं पाणी अजून नळातच गोठलेलं असताना, तो अंगणात मागच्या चाकापाशी गुडघे टेकून बसला होता आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजत होता.

डावीकडे एक्कावन्न सेंटिमीटर. उजवीकडे साडेशेहेचाळीस.

त्यानं तीनदा मोजलं. मग टेपमध्येच खोट असेल म्हणून शेजाऱ्याचा टेप आणला. शेजाऱ्याचा टेपही तेच म्हणाला, वर शेजारी म्हणाला, "सहा महिने झाले, मला तर नुसतं बघून दिसतंय."

गाडीचं नाव पालोमा. चौऱ्याण्णव सालची फोर-बाय-फोर, एके काळी पांढरी. तिच्यातून सेवेरो मिठाच्या मैदानावर पर्यटक फिरवायचा, तीन दिवसांची फेरी, सहा माणसं आणि टपावर त्यांच्या पिशव्या. गाडी मूळची सासरेबुवांची, मेलितोन कोल्के यांची. त्यांनी ती जावयाला दिली ती एका अटीवर: मागची उजवी खिडकी त्यांची. तिथं बसून ते गालात कोकाची पानं धरायचे, काच चार बोटं खाली करून बाहेर थुंकायचे आणि जावई गाडी कशी चुकीची चालवतो ते जगाला सांगायचे. आदल्या वर्षी जुलैत म्हातारा गेला. सेवेरो मनापासून रडला होता, आणि दुसऱ्या दिवशी तीस वर्षांत पहिल्यांदा शांतपणे गिअर बदलला होता.

आता पंचाईत अशी की फेऱ्या ज्यांच्या हातात होत्या त्या कासिल्दाबाईंकडे एका बेल्जियन बाईची तक्रार आली होती. तीन दिवस ती सीटवरून उजवीकडे घसरत होती म्हणे.

"तुझी गाडी लंगडते," कासिल्दाबाई म्हणाल्या. "शनिवारी मी बघायला येते. सरळ उभी असेल तर हंगाम तुझा. नसेल तर माझा भाचा नवी गाडी पुसून बसलाय."

म्हणजे मग सेवेरोनं त्रेपन्नाव्या वर्षी कोल्चानीला जाऊन फावड्यानं मीठ ओढायचं. त्या विचारानंच त्याची कंबर धरली.

रेल्वेलाइनच्या मागे प्लासिदो उस्तादाचं गॅरेज होतं. प्लासिदोला सस्पेन्शनचं वेड. लोक जसं जावई निवडताना घराणं बघतात तसा तो स्प्रिंग निवडायचा. त्यानं टेबलावर फडकं अंथरलं आणि तीन स्प्रिंगा मांडल्या: मऊ, मध्यम, कडक.

"मऊ घेतलीस तर बायका खूश, पण खड्ड्यात गाडी बूड टेकेल. कडक घेतलीस तर ओझं उचलेल, पण रिकामी असली की दात हलतील. तेव्हा खरं सांग. गाडीत कायमचं ओझं किती?"

"कायमचं काही नाही. माणसं, पिशव्या, पेट्रोलचे डबे. घरी आलो की सगळं खाली."

"बायको?"

"ती बसत नाही. तिला माझं चालवणं आवडत नाही."

"मग मध्यम," प्लासिदो म्हणाला आणि जॅक लावला.

संध्याकाळपर्यंत चारी कोपऱ्यांना नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप बसले. मागे दोन्हीकडे त्रेपन्न. पालोमा अशी ताठ उभी राहिली की सेवेरोला तिच्यात बसायला संकोच वाटला.

सकाळी उजवीकडे साडेअठ्ठेचाळीस. काच चार बोटं खाली.

काच त्यानं स्वतः वर केली होती. हँडल घट्ट होतं, मनगट दुखलं होतं, म्हणून पक्कं लक्षात होतं.

प्लासिदोनं गाडीला दोन चकरा मारल्या. मग मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढून अदलाबदल केली. "दोष स्प्रिंगेत असेल तर तिच्यासोबत डावीकडे जाईल," तो म्हणाला. दोष कुठं गेला नाही. तासाभरात उजवी बाजूच बसली, कुणीतरी सावकाश टेकल्यासारखी. प्लासिदोनं कपाळापाशी नेलेला हात तसाच वर नेऊन टोपी सारखी केली. कारागिरानं गिऱ्हाइकासमोर क्रूसाची खूण करणं बरं दिसत नाही.

"वजन करून आण," तो एवढंच म्हणाला.

कोल्चानीच्या मिठाच्या कारखान्यात ट्रकचा काटा होता. सेवेरोनं गाडी पार रिकामी केली. जॅक, पाने, स्टेपनी, चटया, आरशाला टांगलेली चर्चमधल्या माउलीची तसबीरसुद्धा काढली. गाडी काट्यावर उभी करून तो उतरला. काट्यावरच्या माणसाच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. त्यानं आकडा वाचला. गाडीच्या कागदावर होतं त्यापेक्षा नव्वद किलो जास्त.

"असं कसं? रिकामी आहे."

"मग मागच्या आजोबांना उतरवा की," काटेवाला म्हणाला. "ते बसलेत तोवर रिकामी कशी होणार?"

सेवेरोनं मागं वळून पाहिलं नाही. घरापर्यंतचे वीस किलोमीटर त्यानं दुसऱ्या गिअरमध्ये काढले, आणि मागून कुणी काही बोललं नाही याचीच त्याला जास्त भीती वाटली.

त्याची बायको साबिना स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिनं सुरी खाली ठेवली.

"नव्वद म्हणालास?"

"नव्वद."

"बाबा नव्वद होते. जेवायच्या आधी." तिनं हात पुसले. "दोन नोव्हेंबरला तू किती वाजता निघालास?"

"अकराला. पर्यटक थांबले होते."

"अकराला. आत्मे एक तारखेला बाराला येतात, दोन तारखेला बाराला जातात. अख्ख्या बोलिव्हियाला ठाऊक आहे. बाबा गेल्यावरचा पहिला नोव्हेंबर होता. मी इथं त्यांच्यासाठी नैवेद्याचं मेज मांडून प्रार्थना म्हणतेय, आणि तू त्यांची गाडी तासभर आधी दारातून काढलीस. गाडी निघाली की ते कधी मागं राहिलेत?"

सेवेरोनं मान खाली घातली. एवढ्यावर भागलं असतं. पण साबिनाला काहीतरी आठवलं.

"आणि मेजावरची शिडी? पावाची? मी ती शोध शोध शोधली."

सेवेरो बटाट्याच्या सालांकडे बघत राहिला.

"सेवेरो, त्यांनी वर चढायची शिडी होती ती."

"बडीशेप घातलेली होती," तो म्हणाला. "वाटेत भूक लागली."

"सगळी खाल्लीस?"

"दोन पायऱ्या एका जर्मन मुलीला दिल्या."

साबिना खुर्चीवर बसली. "म्हणजे माझ्या बापाची परतीची वाट तू आणि एक जर्मन मुलगी मिळून खाल्लीत." ती पुढं चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. बशी मात्र त्याच्यापुढे अशी ठेवायची की टेबल दणकायचं.

मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणणाऱ्या गावातल्या एका म्हाताऱ्याला सेवेरोनं विचारलं. तो म्हणाला, दार नोव्हेंबरातच उघडतं, एप्रिलमध्ये शिडी भाजून काय उपयोग, टेकवणार कशाला? कासिल्दाबाई तर शनिवारी यायच्या होत्या.

शुक्रवारी सेवेरो पुन्हा गॅरेजात गेला आणि कान लाल होईपर्यंत खरं ते सगळं सांगितलं. प्लासिदो हसेल असं त्याला वाटलं होतं. प्लासिदो उलट हिरमुसला.

"मी पहिल्या दिवशी विचारलं होतं की कायमचं ओझं किती. लोक हेच लपवतात." त्यानं कडक स्प्रिंग उचलली. "ओझं कायमचं असेल तर स्प्रिंग ओझ्याची घ्यायची. तीन कोपऱ्यांना मध्यम, या एका कोपऱ्याला कडक. असं काम मी जन्मात केलेलं नाही, कुणाला सांगू नकोस. पण एक ध्यानात ठेव. ते उतरले तर हीच स्प्रिंग गाडीला उजवीकडून वर उचलेल, खांबापाशी कुत्र्यानं पाय वर करावा तशी. ते राहणार की जाणार, ते आत्ता ठरव."

सेवेरोला मिठाचं फावडं दिसलं. "राहू दे," तो म्हणाला. "नोव्हेंबरपर्यंत."

शनिवारी कासिल्दाबाईंनी बॉनेटवर गरम आपीचा काठोकाठ ग्लास ठेवला. मक्याचं ते जांभळं पेय जरासुद्धा कलंडलं नाही. हंगाम मिळाला.

हंगाम बराही गेला. फक्त उजव्या कोपऱ्यात बसलेला पर्यटक पहिल्या तासाभरात दाटीवाटीनं शेजाऱ्याकडे सरकायचा, का ते त्यालाही सांगता यायचं नाही. सेवेरो हळूहळू सरावला. खड्डा चुकला की तो आपणहून म्हणायचा, "दिसला होता, सासरेबुवा." ऑगस्टमध्ये त्याला जाणवलं की म्हाताऱ्याशिवाय गाडी चालवायची त्याला थोडी भीतीच वाटेल.

पण शिडी त्यानं खाल्ली होती, आणि ते त्याला डाचत होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यानं उजवीकडची जुनी मध्यम स्प्रिंग तेल लावून प्लासिदोच्या बाकाखाली तयार ठेवली. दोन तारखेला बाराला म्हातारा वर जाईल, लगेच स्प्रिंग बदलायची, आणि तीन तारखेला सहा ब्राझिलियन घेऊन निघायचं. कासिल्दाबाईंनी बजावलं होतं की त्यांच्यासमोर गाडी लंगडलेली चालणार नाही.

साबिनानं शिडी स्वतः भाजली. मीटरभर लांब, बारा पायऱ्या, एकेक पायरी मनगटाएवढी. "बाबा जड आहेत," ती म्हणाली. यंदा मेज घरात नाही, गाडीतच मांडायचं ठरलं. एक तारखेला सकाळी तिनं मागच्या सीटवर काळं कापड अंथरलं, पावाच्या बाहुल्या ठेवल्या, उकडलेला मका, सुकवलेलं मांस, कोकाची पिशवी. शिडी छताला टेकवून उभी केली. दरवाजे लावले. किल्ली सेवेरोच्या खिशात.

प्लासिदो काळा कोट घालून आला होता. त्यानं काचेतून शिडी पाहिली आणि खूश झाला. "भक्कम आहे. अख्खी वरात उतरेल हिच्यावरून."

मग त्याचं हसू मावळलं.

"शिडी आजच का लावलीत?"

"मेज नेहमी एक तारखेलाच मांडतात," साबिना म्हणाली.

"जे वरून येणार असतात त्यांच्यासाठी. तुझे वडील आतच आहेत. त्यांना उद्या चढायचंय." प्लासिदोनं ओठांवरून जीभ फिरवली. "आज सगळे उतरतात."

साबिनाचा हात तोंडाशी गेला. सेवेरोनं खिशात किल्ली चाचपली.

चर्चची घंटा वाजायला लागली.

बारा ठोके संपले. वाराही नव्हता. किल्ली बाहेर काढावी की नाही, ते सेवेरोला ठरवता येईना.

मग, दुसरं काय करायचं ते न सुचल्यामुळे, तो मागच्या डाव्या चाकापाशी गुडघे टेकून बसला आणि त्यानं टेप लावला. सकाळी तिथं त्रेपन्न होते.

एक्कावन्न.

आतून बडीशेपेचा वास आला. हँडल कुरकुरलं आणि डावीकडची काच चार बोटं खाली आली.

पन्नास.

दाटीवाटीत कुणी कुणाला जागा करून द्यावी तशी पालोमा एकदा उजवीकडे हलली, एकदा डावीकडे. मग पुढची काचही खाली आली.

साबिना पुटपुटत प्रार्थना म्हणत होती. प्लासिदो सेवेरोच्या शेजारी उकिडवा बसला. मग अगदी हळू, आतल्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, त्यानं विचारलं:

"कायमचं ओझं किती धरू?"

टेपवरचा आकडा अजून उतरत होता.