जैतुनभाबीचा विस्तव

सांजेला शेजारणीकडे विस्तव मागायला जाणं, यात भिण्यासारखं काय आहे? काही नाही. गोवरीचा तुकडा घेऊन जायचं, चुलीपुढे दोन शब्द बोलायचे आणि इंगळ घेऊन घरी यायचं. बंधन एकच. घरात दिवा लागला की मग कोणाला विस्तव द्यायचा नाही, लक्ष्मी जाते म्हणतात. कुसाबाईच्या गावात हे हिंदू-मुसलमान सगळेच पाळत.

ते गाव आता पाण्याखाली आहे. पेठेकडच्या डोंगरात धरण झालं आणि छत्तीस सालच्या उन्हाळ्याअखेर गाव उठलं. नाशिकच्या मदत समितीने पंचवटीपलीकडच्या माळावर जागा दिली, पत्रे दिले, घोंगड्या दिल्या, नागली दिली. छपराचं लाकूड मात्र ज्याचं त्याने आणायचं. म्हाताऱ्या, आजारी, पांगळ्या माणसांसाठी समितीने बैलगाड्याही पाठवल्या होत्या, आणि त्यांची देखरेख होती कुसाबाईच्या नवऱ्याकडे, खंडेरावाकडे. माणूस गोडबोल्या. समितीच्या मंडळींना तो पाहताक्षणी आवडला.

निघायच्या सकाळी कुसाबाईची चूल विझलेली निघाली. जुन्या चुलीतला विस्तव गाडग्यात घालून नव्या चुलीत नेल्याशिवाय घर घर होत नाही, आणि नेमकी त्याच दिवशी चुलीत थंडगार राख! ती पळत पलीकडे गेली. भिंतीला भिंत लागून जैतुनबीचं घर. जैतुनबी विधवा, एका पायाने अधू; एकुलती लेक नसीम येवल्याला विणकराच्या घरी दिलेली. कुसाबाई सासरी आल्यापासून तिला भाबी म्हणायची.

जैतुनबीने चूल उकरून सगळेच इंगळ गाडग्यात भरले. "समदाच ने. मला आता हितं कुठं सैपाक करायचाय? गाडी आली की येतेच मागनं. तिथं पोचले की माझा मला दे, म्हंजे झालं."

"देते की गं भाबी!" कुसाबाई म्हणाली.

माळावर चूल पेटली, पण जैतुनबी आली नाही. खंडेराव म्हणाला, "ती लेकीकडं गेली, येवल्याला." कुसाबाईला जरा लागलं. निरोपसुद्धा न घेता गेली! पण नवऱ्याच्या शब्दावर तिने विश्वास ठेवला, नेहमीसारखाच.

पावसाळा सरला. आश्विनातल्या एका सांजेला तिने नुकतीच चिमणी लावली होती. दाराला गोणपाट टांगलेलं होतं, त्याच्या खालून एक हात आत आला. हातात गोवरी.

"कुसा... इंगळ देती का गं?"

"भाबी! अगं बाई, येवल्याहून कधी आलीस? ये की आत!" आनंदाने ती उठली आणि मग तिची नजर चिमणीकडे गेली. "आता गं कसं करू... दिवा लागला. सकाळी नेशील का?"

बाहेरून ओल्या गाळाचा वास आत आला.

"बरं..."

कुसाबाईने गोणपाट सारलं. पत्र्याच्या घरांच्या ओळीत कोणीच नव्हतं. कोरड्या धुळीत एका पावलाचा ओला ठसा होता, आणि शेजारी पाय फरपटत नेल्याची ओली रेघ. असे ठसे थेट डोंगराकडे गेले होते.

खंडेराव आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "दिवा लौकर लावत जा," एवढंच तो म्हणाला.

"भाबी येवल्याला गेली, कोण म्हणालं तुमाला?"

खंडेराव खाली बघत म्हणाला, "एकच खेप राहिली व्हती. आपल्या छपराचं आढं राहिलं व्हतं, कुसा. सागाचं. बापानं घातलेलं. म्हनलं, तिला दुसऱ्या दिशी आणू... रातीतनं पानी चढलं."

कुसाबाईने वर पाहिलं. ज्या आढ्याखाली ती चार महिने निजत होती, ते गाडीत भाबीच्या जागेवर बसून आलं होतं. आणि भाबी विस्तवाशिवाय, अंधारात, गाडीची वाट बघत बसली असेल. तिच्या चुलीतला शेवटचा निखारासुद्धा आपणच उचलून आणला! तिला नवऱ्याची किळस आली. या माणसाने तिलाही फसवलं होतं, आणि गाडीच्या भरवशावर ठेवून भाबीलाही.

दुसऱ्या सांजेला तिने दिवा लावलाच नाही.

"लाव की," खंडेराव म्हणाला. "कुसा, पाया पडतो."

"माझ्याकडं तिचं देणं हाय."

अंधार दाटला. गाळाचा वास आला. हात आत आला, आणि कुसाबाईने चुलीतला सगळा विस्तव त्या गोवरीवर ठेवला. गोवरीतून पाणी ठिबकत होतं, तरी इंगळ विझले नाहीत.

"भाबी... मला ठावं नव्हतं गं."

"तुला कुठलं ठावं असणार..." आवाज जवळून आला, अगदी कानाशी. "खंडेरावाला म्हन, गाडी मी पाठवते."

तिसऱ्या सांजेला डोंगराकडून बैलांची घुंगरं ऐकू आली. चुलीत विस्तव नव्हता. दिवा लावायला खंडेरावाने काडेपेटी उघडली. सगळ्या काड्या ओल्याचिंब. तो गोवरी घेऊन ओळीतून पळत सुटला. फुलाबाईकडे गेला, भिमाजीकडे गेला, दारोदार गेला. घरोघर चिमण्या लागलेल्या. प्रत्येक दारातून तेच उत्तर आलं, "दिवा लागला, बाबा. आता कसा देऊ? सकाळी ने."

तो परत आला तेव्हा घुंगरं दाराशी येऊन थांबली होती.

"कुसा... सांग गं तिला, मी नाय घरात..."

कुसाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती वळली नाही.

सकाळी दाराशी चाकोऱ्या होत्या, गाळाने भरलेल्या. त्यांच्यामध्ये बैलांच्या खुरांची एकही खूण नव्हती. खंडेरावाचं अंथरूण रिकामं होतं. आणि जी चूल तिने स्वतः रिती केली होती, तिच्यात एका ओल्या गोवरीवर लालबुंद इंगळ धुमसत होता.

दुपारी समितीची माणसं चौकशीला आली. कुसाबाई त्याच विस्तवावर भाकरी भाजत होती. तिने मान वर केली नाही.

"ते व्हय? ते येवल्याला गेलेत," ती म्हणाली.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, आणि तिच्या डोक्यावर, कोरड्या पत्र्याखाली, सागाचं आढं थेंब थेंब गळत होतं.