बिरोबा माळ उतरला

"मामा, देव न्हाय!"

शहाजीची हाक माळावरून खाली आली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. तासाभरात होटगीजवळची ती अख्खी वाडी देवळापुढं उभी राहिली. कुलूप शाबूत. बिरोबाचा चांदीचा मुखवटा तेवढा नव्हता.

किल्ली पुजारी मायाप्पाच्या ओसरीतल्या खुंटीला असते, हे सगळ्यांना ठाऊक. मायाप्पाची बायको गोजाबाई जाऊन आज नववा दिवस. सुतकात त्याला देवाला शिवता येत नव्हतं, म्हणून त्याच्या बहिणीचा मुलगा शहाजी पूजा करत होता.

हवालदार प्रियदर्शनी शिवशरण पोचल्या, तोवर पंच बापूसाहेबांचा निकाल झालाही होता. "दुपारच्या बैठकीत मायाप्पाची पूजा काढून घिऊ. सात पिढ्यांची असली म्हणून काय झालं!"

मायाप्पा पायरीवर बसला होता. डोळे कोरडे.

"काल इथं वर आला होता?"

"ध्यानात न्हाय, बाई."

"मुखवटा तुम्ही नेलात?"

"निऊन कुणाला दावू?"

धड नाही म्हणण्याइतकंही त्याच्यात काही उरलं नव्हतं.

प्रियदर्शनींनी गाभाऱ्यात बॅटरीचा उजेड टाकला.

"बाई, तुमाला आमच्या देवाचं काय कळणार?" बापूसाहेब.

"म्हणून तर विचारते. शहाजी, मुखवट्याखालच्या दगडावरून बोट फिरवा."

बोट हळदीनं पिवळं झालं.

"भंडारा कधी उधळता?"

"सांजच्या आरतीला. दिवसातनं एकदाच."

"मुखवटा काढता कधी?"

"अवसेलाच. मामा काढत्यात, दगड धुत्यात, मेण लावून परत बसवत्यात. मधी कोण हात लावत न्हाय."

"काल आरतीला मुखवटा होता?"

"व्हय की! डोळं भरून बघितला."

"आणखी कोणी बघितला?"

"पडदा वढूनच करायची असती आरती. समदी मंडपात कीर्तन ऐकत हुती."

"कशावर कीर्तन?"

उत्तर म्हाताऱ्या दानम्मानं दिलं. सांगताना तिनं हात जोडले. "चांगुणा धनगरणीचं आख्यान. गुडघं गेलं, माळ चढवंना, तवा देवच उतरून तिच्या वाड्यात मेंढरांत बसला. बुवा लई गोड गायलं, बाई. समदी रडली. पायथ्याला तिचं ठाणं हाय की."

"चला, तिथं जाऊ."

चांगुणेच्या ठाण्यात घोंगडीची एक घडी होती. तिच्यात मुखवटा होता.



"आरतीनंतर मुखवटा गेला असता," प्रियदर्शनी म्हणाल्या, "तर आतला दगड धुतलेला, काळाच निघाला असता. तो सगळा पिवळा आहे. म्हणजे भंडारा उधळला तेव्हा दगड उघडाच होता. पडद्याआड एकटे तुम्ही होतात, शहाजी. आणि मुखवटा डोळं भरून बघितला म्हणता."

शहाजीनं पिवळं बोट सदऱ्याला पुसलं.

"किल्ली नेहमीच्या खुंटीला लावली, म्हणजे आळ मामांवर. बैठकीत त्यांची पूजा गेली, की तुम्हाला दृष्टांत व्हायचा. देव आख्यानातल्यासारखा माळ उतरला, आणि सापडला शहाजीला. मग पुजारी दुसरा कोण?"

"दोन दिसांनी मामांचं सुतक फिटलं असतं," शहाजी पुटपुटला. "मग मला कोण इचारतंय?"

बापूसाहेबांनी मुखवटा मायाप्पापुढं धरला. "घे. तुझा मान."

मायाप्पानं हात मागं घेतले. "आज नववा दिस हाय."

मग कोणाकडंच न बघता त्यानं विचारलं, "काल आरती झाली न्हवं?"

"झाली, मामा. उघड्या दगडाची."

"देव त्योच हाय." मायाप्पा हवालदारबाईंकडं वळला. "बाई, ह्याला न्यायचं तर सांजच्या आरतीनंतर न्या. आज करायला दुसरं कोण न्हाय."