फुली दिसेनाशी होईपर्यंत

"पुसू नकोस, आधी मोज!" मुंगी ओरडली.

"मोजलंय! सत्तावीस परीक्षानळ्या, त्यातल्या चार तोंडाशी फुटलेल्या. लिही आणि मला बसू दे."

"आत्ताच तर बसला होतास," घड्याळ म्हणाला. "सहा मिनिटं चाळीस सेकंद."

उंटाने त्याच्याकडे रागाने पाहिलं, पण भांडायलाही त्याच्यात जोर नव्हता. सुट्टीतली भर दुपार होती. शाळेच्या प्रयोगशाळेत पंखा फिरत होता तो फक्त आवाज करण्यापुरता. सकाळपासून तिघांनी कपाटातली निम्मी काच मोजली होती आणि उरलेली निम्मी जणू त्यांच्याकडे बघून हसत होती.

उंट म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. वरच्या फळीवरची वस्तू काढायला त्याला स्टूल लागत नसे. घड्याळला आजोबांचं स्टॉपवॉच घड्याळ मिळालं होतं, आणि तेव्हापासून तो जेवणसुद्धा सेकंदांत मोजायचा. मुंगी लहानखुरी, पण एकदा एखाद्या गोष्टीला चिकटली की सुटायची नाही. तिचे बाबा या प्रयोगशाळेचे सहायक होते. सारी शाळा त्यांना 'काका' म्हणायची.

काका खिडकीजवळ बसून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत होते. एकेक चिठ्ठी ते दोनदा वाचत, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचत.

"काका, सुट्टीत कशाला ही मोजदाद?" उंटाने विचारलं. "शाळा उघडल्यावर केली तर काच काय उडून जाणार आहे?"

काकांनी पुढची बाटली उचलली. उत्तर मुंगीनेच दिलं.

"शनिवारी बाबांना किल्ली परत द्यायची आहे. सोमवारपासून त्यांना फाटकावर बसवणार आहेत."

"फाटकावर? काकांना? का?"

"वार्षिक परीक्षेतला फुलीचा प्रयोग आठवतोय ना?"

कोण विसरेल! कागदावर पेन्सिलीने फुली काढायची, तिच्यावर बीकर ठेवायचं. बीकरमध्ये थायोचं, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण, त्यात ठरलेलं ॲसिड. मग वरून बघत राहायचं. द्रावण हळूहळू गढूळ होतं आणि एका क्षणी खालची फुली दिसेनाशी होते. त्याला जितके सेकंद लागले त्यावरून क्रियेचा वेग कळतो. भिंतीवर काकांच्या अक्षरातला जुना तक्ता होता: अठ्ठावीस अंश तापमानाला बेचाळीस सेकंद. परीक्षेत मात्र सबंध वर्गात एकाचीही फुली सत्तर सेकंदांच्या आत गेली नव्हती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यांचे गुण कापले आणि शेरा मारला, 'द्रावणे सौम्य.' विज्ञानाचे नवे सर म्हणाले, "काकांचं वय झालं. हात चालत नाही आता." आणि द्रावणं करणारे काका एकटेच.

"पण काका, तुम्ही चुकला नव्हतात ना?" घड्याळने विचारलं.

काकांनी हातातली बाटली फळीवर ठेवली.

"चुकलो असेन रे," ते म्हणाले. "चष्म्याचा नंबर वाढलाय. आपली चूक आपल्याला दिसली असती तर ती झालीच नसती."

मुंगीने पेन्सिल खाली ठेवली. काल घरी तिने एक गोष्ट पाहिली होती. ती तिने कोणालाच सांगितली नव्हती. स्वयंपाकघरात बाबा एकटेच उभे होते. औषधाच्या छोट्या पेल्यात ते रेघेपर्यंत पाणी ओतत, डोळ्यांजवळ नेऊन बघत, पुन्हा ओतून टाकत. पुन्हा भरत. कितीतरी वेळ.

"बाबा," ती म्हणाली, "मोजदाद करताना वस्तू चालतात की नाही तेही बघायचं असतं ना? मग बघूया. ॲसिड, थायो, वजनकाटा, सगळंच."

"आता काय उपयोग, बाळा?"

"उपयोग नसला तर नसला! आम्हाला तरी कुठे दुसरं काम आहे?"

"मला आहे," उंट म्हणाला. "मला झोपायचंय." पण तो उठला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी कामाला सुरुवात झाली. काकांनी आधी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या, तिघांना मोठे चष्मे चढवले आणि प्रयोग झाल्यावर ओतायला धुण्याच्या सोड्याच्या पाण्याची बादली भरून ठेवली. "या गढूळ पाण्याचा वास छातीत बसतो. बीकरात नाक खुपसायचं नाही. कळलं?"

"एका वेळी एकच गोष्ट तपासायची," मुंगी म्हणाली. "नाहीतर चोर कोण ते कळणार नाही."

पहिला संशय ॲसिडवर. मॅग्नेशियमच्या फितीचा बोटभर तुकडा ॲसिडात टाकला. तो फसफसत विरघळला. काकांच्या जुन्या वहीत जितके सेकंद होते जवळपास तितकेच भरले, एकाचाच फरक.

"ॲसिड सुटलं!" घड्याळने जाहीर केलं.

दुसरा संशय वजनकाट्यावर. काकांच्या कपाटातली पितळी वजनं काढून ताडून पाहिली. काटा खरा निघाला. तिसरा तापमानावर. थर्मामीटर अठ्ठावीस दाखवत होता, दुसराही तेवढेच. मग काकांनी नवं द्रावण केलं. तिघंही त्यांच्या हाताकडे बघत होते. मोजनळीतलं पाणी बरोबर रेघेवर येऊन थांबलं.

"हं, आता फुली!" उंट म्हणाला. "बेचाळीस येणार, पैज!"

घड्याळने कळ दाबली. तीस. चाळीस. बेचाळीस झाले, फुली जागच्या जागी! पन्नास. साठ. एकाहत्तराव्या सेकंदाला ती गेली.

काकांनी बीकर उचललं, बादलीत रिकामं केलं आणि धुवायला घेतलं.

"पाहिलंत?" ते शांतपणे म्हणाले. "तुमच्यासमोर केलं. तरी चुकलंच. जा आता, घरी जा. तुम्हीही दमलात."

खरंच दमले होते सगळे. उंट तर जाताना दाराच्या चौकटीवर आपटला आणि "आई गं!" म्हणायचंही विसरला.

आईची दुपारपाळी होती, त्यामुळे जेवणानंतरची भांडी मुंगीकडे होती. बाबा बाहेर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते. मुंगीने दुधाचं पातेलं विसळलं आणि ते पांढरट पाणी कंटाळून समोरच्या ताटलीत ओतलं. ताटलीच्या तळाला निळं फूल होतं. पाण्यातून ते स्वच्छ दिसत होतं, पाकळ्यासुद्धा मोजता येतील इतकं.

तिने ताटली कलती केली. सगळं पाणी एका कडेला गोळा झालं आणि फुलाची त्या बाजूची पाकळी नाहीशी झाली.

ताटली सरळ केली. पाकळी आली. कलती केली. गेली.

पाणी तेच. दूधही तेवढंच!

"बाबा!" ती ओल्या हातांनी बाहेर धावली. "बाबा, आपली बीकरं कधी बदलली?"

बाबांनी डोळे उघडले. "परीक्षेच्या आधी. नव्या सरांनी मागवली. जुनी उभट होती, कलंडायची, म्हणून ही रुंद आणली. का गं?"

"आणि जुनी?"

"कागदात गुंडाळून, खोक्यात घालून माळ्यावर ठेवली होती. उद्या सकाळी भंगारवाला येणार आहे, त्यात..."

मुंगीने पुढचं ऐकलंच नाही. शाळेचं फाटक आता उद्या सकाळीच उघडणार होतं, पण उंट आणि घड्याळला आजच सांगायला हवं होतं; ती चपला शोधत होती.

शनिवारी सकाळी आठला तिघंही शाळेत पोचले. माळा रिकामा होता!

"भंगारवाला?" फाटकावरचा पहारेकरी जांभई देत म्हणाला. "तो काय, आत्ताच गेला. त्या कोपऱ्यावरून वळला असेल."

"उंटा, पळ!" मुंगी किंचाळली. "त्या लांब पायांचा जन्मात एकदा तरी उपयोग कर!"

उंट पळाला. मागून मुंगी आणि घड्याळ. चढावर हातगाडी रेटत एक म्हातारा चालला होता. गाडीवर मोडक्या खुर्च्या, पत्रे, आणि सगळ्यात वर सुतळीने बांधलेलं खोकं.

"थांबा! मामा, थांबा!"

"काय आहे रे? आग लागली की काय?" भंगारवाला गाडीला टेकून उभा राहिला. त्यालाही थांबायला निमित्तच हवं होतं.

"ते खोकं! त्यात आमच्या काकांची..." उंटाला दम लागून पुढे बोलवेना.

"आमच्या काकांची नोकरी आहे त्यात," मुंगी म्हणाली.

म्हाताऱ्याने एकदा तिच्याकडे, एकदा खोक्याकडे पाहिलं. "नोकरी? बरीच हलकी दिसते. घेऊन जा. पण त्या बदल्यात या चढाच्या टोकापर्यंत गाडी ढकलायची तिघांनी."

"किती वेळ लागला माहितीये?" टोकाला पोचल्यावर घड्याळ धापा टाकत म्हणाला.

"सांगू नकोस!" दोघं एकदम म्हणाले.

खोक्यात अकरा बीकरं होती. आठ फुटली होती. तीन धड होती.

"आता सरांना सांगू," उंट म्हणाला.

"सांगून ऐकतील? म्हणतील, काकांची मुलगी आहे, काकांचीच बाजू घेणार," मुंगी म्हणाली. "त्यांच्याच हातून व्हायला हवं सगळं."

अकरा वाजता किल्ली घ्यायला मुख्याध्यापिका मोठ्या बाई आणि नवे सर प्रयोगशाळेत आले. काकांनी किल्ली पुसून टेबलावर ठेवली होती. मुंगी पुढे झाली, अगदी गरीब चेहरा करून.

"सर, आम्हाला काल फुली बेचाळीसला घालवता आलीच नाही. बाबांनी द्रावण केलं होतं ना! तुम्ही एकदा करून दाखवाल? म्हणजे बरोबर कसं करतात ते कळेल."

काकांनी चमकून लेकीकडे पाहिलं. तिने त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

सर खूश झाले. "दाखवतो की! बाई, पाचच मिनिटं. नीट बघा रे, वजन असं करायचं." त्यांनी बाह्या सारल्या, थायो तोललं, पाणी मोजलं, ॲसिडही स्वतःच घेतलं. घड्याळ त्यांच्या शेजारी उभा राहिला.

"सुरू!"

बेचाळीस सेकंद झाले. सर हसले. पन्नास झाले. हसू जरा कमी झालं. साठ.

"एकाहत्तर!" घड्याळने सांगितलं.

"अरेच्चा," सर पुटपुटले. "आज गार आहे बहुतेक."

"अठ्ठावीस अंश, सर," घाम पुसत उंट म्हणाला.

"सर," घड्याळने अतिशय काळजीने विचारलं, "तुमचंही वय झालं का हो?"

मोठ्या बाईंना खोकला आला. तो बराच वेळ चालला.

"आता तुम्हीच केलेलं उरलेलं द्रावण, मघाएवढंच, आणि तेवढंच ॲसिड यात घ्या," म्हणत मुंगीने जुनं उभट बीकर त्याच फुलीवर ठेवलं. "फुली मात्र बाबा बघतील."

"मी?" काका म्हणाले. "अगं, मी कधीच नाही बघितली. मी नुसती द्रावणं करून देतो. सेकंद मोजायचे ते मुलांनी, सरांनी."

"म्हणूनच तर तुम्हाला कळलं नाही. बघा ना, बाबा."

काका टेबलाशी आले. चष्मा नीट बसवून बीकरावर वाकले, पण नाक लांब ठेवून. सरांनी ॲसिड ओतलं. पंख्याचा तेवढा आवाज येत होता. मुंगी बीकराकडे बघतच नव्हती. ती बाबांच्या पाठीकडे, कॉलरच्या झिजलेल्या कडेकडे बघत होती.

"दिसतेय?" तिने हळूच विचारलं.

"दिसतेय."

"अजून?"

"आहे... आहे, पुसट झालीय..." आणि मग, "गेली."

"बेचाळीस!" घड्याळचा आवाज चिरकला. "बरोबर बेचाळीस!"

"द्रावण दोन्हीकडे तेवढंच आहे," मुंगी भराभर सांगू लागली. "पण रुंद बीकरात ते पसरतं, उथळ होतं. मग फुली झाकायला जास्त गढूळ व्हावं लागतं, म्हणून वेळ जास्त लागतो. उभट बीकरात ते खोल असतं. क्रियेचा वेग तोच आहे, बाई! बदललं ते फक्त भांडं."

सरांनी दोन्ही बीकरं शेजारी ठेवून पाहिली. मग बाह्या खाली केल्या.

"ही बीकरं मी मागवली," ते म्हणाले. "तक्ता जुन्या बीकरांचा आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. काका, माझं चुकलं. मी न तपासता तुमच्यावर ढकललं."

"असू दे, सर. मीही तेच केलं," काका म्हणाले. "मीही स्वतःला तपासलं नाही. नुसतं मान्य करून टाकलं."

मोठ्या बाईंनी किल्ली उचलून काकांच्या पुढ्यात सरकवली. "फाटकाचं पत्र मला परत द्या. परीक्षकांना मी आजच लिहिते. सगळ्या वर्गाचे गुण पुन्हा तपासायला हवेत." मग त्या तिघांकडे वळल्या. "आणि तुम्ही! सुट्टीत एवढं डोकं चालवता, तर शाळेत असताना कुठे ठेवता ते?"

"शाळेत थकायला होतं, बाई," उंट म्हणाला.

"शाबास रे पोरांनो," बाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी हसू खोकल्यात लपवलं नाही.

काकांनी चष्म्याच्या डबीतून लहानशी घडी केलेलं पत्र काढून दिलं. सगळे गेल्यावर त्यांनी दोन्ही बीकरं धुतली, पालथी घातली आणि मग तक्त्यासमोर जाऊन उभे राहिले.

"यात भांडं कोणतं ते लिहायचंच राहिलं होतं. इतकी वर्षं," ते म्हणाले. "लिहितेस? तुझं अक्षर बरं आहे."

"तुम्हीच लिहा," मुंगी म्हणाली.

त्यांनी पेन घेतलं. 'बीकर : उभट, लहान,' त्यांनी बेचाळीसच्या शेजारी लिहिलं. अक्षर थोडं तिरकं गेलं, पण वाचता येत होतं.

मग त्यांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. घराच्या वाटेवर दोघंही दमले होते. मुंगीने त्यांची पिशवी घेतली, आणि त्यांनी ती घेऊ दिली.