छाटलेले मिनिट

मोठ्या कॅमेऱ्याने टिपलेली चित्रफीत मोबाइलच्या इवल्या पडद्यावर चालेल अशी आटोपशीर करून द्यायची, हा युलियानाचा व्यवसाय. डोंगरातल्या रांतेपाओ गावच्या बाजारातील तिच्या दुकानात त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सांपे एक फीत घेऊन जवळजवळ धावतच शिरला.

त्याची आई, इंदो तप्पी, घराच्या दक्षिणेकडील खोलीत निजून होती. श्वास थांबून चौदा महिने लोटले होते. परंतु तिथल्या रीतीप्रमाणे अंत्यविधीचा पहिला रेडा बळी पडेपर्यंत ती मेलेली नव्हे, आजारीच. तिच्याशी बोलायचे, तिला वेळच्या वेळी खाऊपिऊ घालायचे. तो रेडा उद्या पहाटे पडणार होता. सांपेचा धाकटा भाऊ रेरुंग दूर पालोपोच्या बंदरात जहाजावर अडकलेला. रजा नाकारली गेलेली. आज संध्याकाळी मोबाइलवरच आईला डोळे भरून पाहून काय बोलायचे ते त्याने बोलायचे. उद्या ऐकायला आजारी कुणी उरणार नव्हते. एकच्या ठोक्याला निघणाऱ्या मातियुसच्या गाडीतून फितीचे मेमरी कार्ड त्याच्याकडे जायलाच हवे होते.

घाईच्या कामाने युलियानाला नेहमीच स्फुरण चढे. टपरीवरून आलेली वाफाळती कॉफी, तिच्या निळ्या काठाच्या काचेच्या पेल्यातली, तिने संगणकाशेजारी ठेवली आणि फीत उघडली. शालीत लपेटलेली म्हातारी, शेजारी तिचा विड्याचा डबा. उशाशी सांपे पत्र्याचा पांढरा कप ठेवतो आणि मुकाट बसतो. मिनिटभर काहीही हलत नाही. मग सुना, नातवंडे, गाणे. कार्डात जागा तोकडी होती. लग्नांच्या फितींतले रिकामे क्षण छाटावेत तसे तिने ते निश्चल मिनिट छाटले आणि रूपांतर सुरू केले.

टक्क्यांचे आकडे भराभर चढले आणि नव्याण्णवावर अडले. तिने फीत पुन्हा चालवून पाहिली. छाटलेले मिनिट आपल्या जागी होते.

आपलाच हात चुकला असेल, असे म्हणून तिने ते दुसऱ्यांदा छाटले. काम पुन्हा नव्याण्णवावर थांबले. मिनिट पुन्हा जागच्या जागी. आता दुकानात विड्याचा दर्प भरून राहिला होता. चुन्याचा, ओल्या सुपारीचा. घसा कोरडा पडला म्हणून तिने पेल्याकडे पाहिले. पेला अर्धा झाला होता. तिने तर अजून घोटही घेतला नव्हता... आणि काठाला तांबडा डाग होता.

सांपेने तो डाग पाहिला. बराच वेळ पाहिला.

"काय कापलंस, पोरी?"

"ते मधलं... तुम्ही नुसते बसलायत ते. काहीच घडत नाही त्यात, दादा."

"आई कॉफी पितेय त्यात," तो हळू आवाजात म्हणाला. "तिला वेळ लागतो."

युलियानाने ते मिनिट परत जोडले. जागा पुरावी म्हणून चित्र थोडे भरड केले. बाहेर मातियुस भोंग्यावर भोंगा वाजवीत होता; आत नवरी नटतेय काय, असे अख्ख्या बाजाराला विचारीत होता. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. सांपेची बोटे मेजाच्या कडेत रुतली होती. नव्याण्णव... आणि मग, अडवलेले पाणी सुटावे तसे, शंभर. चालवून पाहायला उसंत नव्हती. तिने कार्ड पाकिटात घातले, दुकानाचा फोन क्रमांक छापलेल्या. सांपे ते घेऊन पळत सुटला, आणि धावत्या गाडीच्या खिडकीतून मातियुसने ते झेलले. युलियाना उंबऱ्यात उभी राहून लहान मुलीसारखी हसली.

तिन्हीसांजेला दुकानाचा फोन वाजला. रेरुंग होता. रडून मोकळा झालेला आवाज. न येण्याची क्षमा त्याने आईजवळ मागितली होती. आता उद्या पहाटे तिने निश्चिंत निघावे. ताईचे उपकार फिटणार नाहीत, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

"सगळी कॉफी प्यायली ती," तो म्हणाला. "फक्त एक विचारायचं होतं, ताई. फितीत घरचा पांढरा कप तसाच उशाशी आहे. मग तिच्या हातात तो काचेचा पेला कुणाचा... निळ्या काठाचा?"

दुपारपासून युलियानाने पेल्याला हात लावला नव्हता. ती वळली. संगणकाशेजारी पेला नव्हता. मेजावर त्याच्या बुडाचे ओले वर्तुळ तेवढे होते. तिने त्यावर बोट टेकवले.

ते अजून कोमट होते.